नरहररावांचा उजवा हात

नरहररावांनी आयुष्यात थाप अशी एकच मारली. जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला थापेची सवय राहत नाही. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, सातव्या दिवशी मोड मोजायचे, ब्याऐंशी आले तर ब्याऐंशीच लिहायचे. त्र्याऐंशीचा मोहसुद्धा व्हायचा नाही. अशा माणसाने निवृत्तीनंतर सहाव्या महिन्यात थाप मारली आणि तीही थेट होणाऱ्या व्याह्यांना. (सराव नसताना माणसाने आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांवर हात बसवावा. पण हे त्यांना सांगणार कोण?)

झालं असं. मुलगी स्वरा पुण्यात नोकरीला. तिथं तिने मुकुल नावाचा मुलगा स्वतःच पसंत केला. मुलगा नाशिकचा, एकुलता एक. वडील निवृत्त इंजिनिअर. सगळे त्यांना टी. आर. साहेब म्हणतात. दोन्ही घरांची अजून गाठभेट नव्हती. स्वराने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही दोघं त्यांना एकदा भेटा. तुमचं आपसात जमलं की आमचं ठरलंच. नाही जमलं तर..." पुढचं ती बोलली नाही. ते न बोललेलं नरहररावांना दिवसभर ऐकू येत राहिलं.

दोन दिवसांनी टी. आर. साहेबांचाच फोन आला. आवाज खर्जातला, सावकाश.

"दसरा झाला की रविवारी येतो म्हणतो. घरी पोह्याबिह्यांचा घाट नको. तुमच्याकडे मंठा रोडला एक वाईनरी झालीय म्हणे. मुलं म्हणतात, तिथंच भेटू. तुम्हाला ते... वाईन वगैरे... चालतं ना?"

आता सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. 'कधी घेतली नाही, पण बघू' असंही म्हणता आलं असतं. पण त्या क्षणी नरहररावांच्या डोळ्यांसमोर स्वराचा चेहरा आला, नाशिक नावाचं वाईनचं माहेरघर आलं, आणि तोंडातून निघून गेलं,

"चालतं? अहो साहेब, आमचं नेहमीचंच आहे ते!"

पलीकडे खुर्ची करकरली. मग साहेब म्हणाले, "अस्सं. वा. मग तुमच्याकडून शिकायला मिळेल."

फोन ठेवला तर समोर प्रेमलाबाई मेथी निवडत बसलेल्या.

"काय नेहमीचंच आहे?"

"वाईन."

"कोणाचं?"

"आपलं," नरहरराव पडलेल्या आवाजात म्हणाले.

प्रेमलाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "आपल्या घरात द्राक्षासव आल्तं एकदा. स्वराच्या टायमाला. तेही मी प्याले. तुम्ही फक्त बाटली आणल्ती."

उत्तर नसलं की नरहरराव स्वप्नात जात. लॅबमध्येही तसंच. मोड मोजता मोजता चाळिसाव्यापाशी त्यांची तंद्री लागायची आणि त्या इवल्याशा पांढऱ्या कोंबांमध्ये त्यांना अख्खं शेत डुलताना दिसायचं. आताही त्यांना दिसलं: हिरवळ, पांढरा कपडा घातलेलं टेबल, कोवळं ऊन. मधोमध ते स्वतः, हातात उंच दांडीचा ग्लास. ग्लास हळूच फिरवतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात, आणि असं काही बोलतात की टी. आर. साहेब थक्क. स्वरा मुकुलला म्हणते, 'माझे बाबा!' काय बोलतात ते मात्र स्वप्नात ऐकू आलं नाही. तेवढं शिकून घ्यायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, गर्दी नसताना, भाजीची कापडी पिशवी घेऊन ते वाईनशॉपवर पोचले. जाळीच्या आतला दुकानदार राधेश्याम. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून तो म्हणाला,

"काका, पेशंटसाठी पाहिजे का?"

"नाही. वाईन पाहिजे."

"मंग केकसाठी."

"पिण्यासाठी!" नरहररावांचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. मागून सायकलवर जाणारा एक माणूस वळून बघत गेला. "स्वस्तातली द्या. पण स्वस्त दिसायला नको."

"तशी तर समदेच मागतात," राधेश्याम म्हणाला आणि त्याने चार छोट्या बाटल्या पिशवीत घातल्या. वर त्यांनी कोथिंबिरीची जुडी ठेवली. घरापर्यंत चौघांनी थांबवून कोथिंबिरीचा भाव विचारला.

घरी त्यांनी रीतसर चाचणी लावली. टेबलावर पांढरा कागद, चार वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे, शेजारी चिठ्ठी. वही उघडली. आणि लॅबमधला माणूस लॅबमधलंच लिहिणार.

'नमुना एक. रंग जांभळट. वास ओल्या पोत्याचा. चव चिंचेच्या कोळात रुपया बुडवल्यासारखी.

नमुना दोन. रंग फिका. वास बरा. चव कालच्या सरबताची.

नमुना तीन. जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी कोरडी. पुन्हा चाचणी घ्यावी.'

पुन्हा चाचणी घेतली. मग चौथा नमुना घेऊन ते गच्चीवर गेले. रोलिंग मिलच्या धुराड्यांमागे सूर्य उतरला होता. धुरालासुद्धा गुलाबी रंग चढला होता. चिमण्या टाकीवर बसून किलबिलत होत्या. दोन घोट पोटात गेले आणि नरहररावांना वाटलं, हे गाव किती सुंदर आहे आणि आपण एकतीस वर्षं खाली मान घालून मोड मोजत बसलो! स्वरा लहान असताना याच गच्चीवर त्यांच्या खांद्यावर झोपायची. ती आता दुसऱ्याच्या घरी जाणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमलाबाई वाळलेले कपडे काढायला वर आल्या तेव्हा वहीत चौथ्या नमुन्यापुढे एवढंच लिहिलेलं होतं: 'छान वाटतंय.'

"हे सांगणार का तुम्ही साहेबांना?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

नरहररावांना पटलं. चव घरात कळेलही, पण रुबाब कळायला जागेवरच जायला हवं. एकदा आधीच जाऊन रंगीत तालीम करून यायची, म्हणजे दसऱ्यानंतर तिथं गेल्यावर आपण रोजचे वाटू.

गणपती उठले आणि पुढच्याच रविवारी हरिओमची भाड्याची गाडी करून दोघं निघाले. प्रेमलाबाईंनी घरातून निघतानाच जाहीर केलं, "मी फक्त सोबत येऊन राह्यले. थेंब घेणार न्हाई."

वाईनरी कल्याण नावाच्या द्राक्षबागायतदाराची. चाळिशीच्या आतला, हसरा माणूस. बागेतून नागमोडी वाट गेलेली. दोन्ही बाजूंना वेली, मंडपासारख्या. ऊन पानांतून गाळून खाली पडत होतं. नरहररावांची तंद्री तिथंच लागायला सुरुवात झाली.

"या काका, या काकू," कल्याण म्हणाला. "चपला भाईरच काढा. आत्ताच फरशी धुतल्ती."

चव बघायची खोली म्हणजे द्राक्षं गार ठेवायची जुनी खोली. जाड भिंती, एकच मंद दिवा. अनवाणी पायांना ओली, थंडगार फरशी लागली. आत केळी, गूळ, मध आणि फुलं एकत्र कालवल्यासारखा गोडसर, आंबूस वास कोंदला होता. कोपऱ्यात कुठलासा पंप घुमत होता, कुणी लांबवर एका सुरात काही म्हणत असावं तसा. आधीच सात-आठ माणसं रांगेत उभी होती, दबक्या आवाजात बोलत, हळूहळू पुढे सरकत. रांगेच्या शेवटी कल्याणची बायको प्रीती, डोक्यावर पदर, हातात बाटली.

आता तुम्हीच सांगा. जो माणूस एकतीस वर्षं दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जात आला आहे, त्याच्या पायांना थंड फरशी लावा, नाकाला पंचामृताचा वास द्या, त्याला रांगेत उभं करा आणि वर त्याचे डोळे अर्धवट मिटू द्या. पुढं काय होणार?

नरहरराव सरकत होते. त्यांना आठवत होतं की ग्लास दांडीला धरायचा, तीनदा फिरवायचा. मग तीनदा की पाचदा, हे आठवेना. मग ग्लासच आठवेना. मनाला कसं शांत शांत वाटत होतं. स्वराचं चांगलं होऊ दे, एवढंच मनात घोळत होतं. पुढचा माणूस बाजूला झाला. समोर बाटली कलली.

आणि नरहररावांचा उजवा हात पुढे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. शेजारीच टेबलावर ग्लासांचा ट्रे होता, त्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तळव्याची खोलगट वाटी झाली, डावा हात खाली टेकला, मान लवली.

प्रीती दचकली. पण तीही याच मातीतली. वडीलधाऱ्या माणसाचा असा हात पुढे आला की आपलाही हात काही विचारत नाही. तिने धार सोडली. नरहररावांनी सुर्रकन ओढून घेतलं. आणि मग (इथंच घात झाला) ओला तळवा कपाळावरून टकलावर आणि टकलावरून थेट मानेपर्यंत भक्तिभावाने फिरवला.

खट्. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला.

नरहररावांनी डोळे उघडले. एक तांबडा थेंब कपाळावरून निघून नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ग्लासांच्या ट्रेकडे बघितलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

एवढ्यात मागून प्रेमलाबाई पुढे आल्या. डावा हात पदरात, वर उजव्याची वाटी. गंभीर चेहऱ्याने त्यांनी हातावर वाईन घेतली, प्यायली आणि तळवा डोक्यावरून फिरवला. म्हणजे बायकोने भर लोकांत नक्कल करून दाखवली! नरहररावांना ते फार लागलं. त्यांच्या मागे एक मास्तर होते, ते बिचारे आधी त्यांच्याकडे आणि मग प्रेमलाबाईंकडे बघत राहिले, आणि त्यांनीही हात पुढे केला. मग मास्तरीणबाईंनी केला. पुढचं बघायला नरहरराव थांबले नाहीत. चपला हातात घेऊनच ते गाडीकडे निघाले.

परतीच्या वाटेवर दोन माशा जालन्यापर्यंत त्यांच्या डोक्याभोवती घोंघावत आल्या.

"काका, तेल बदललं का डोक्याचं?" हरिओमने आरशातून विचारलं.

नरहररावांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

घरी आल्यावर ते प्रेमलाबाईंना म्हणाले, "सगळ्यांसमोर माझी टिंगल करायची काय गरज होती?"

प्रेमलाबाईंनी नुसतं बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

पुढचे तीन आठवडे नरहररावांनी आपल्या उजव्या हाताला वळण लावण्यात घालवले. सहा उंच दांडीचे ग्लास आले. त्यांत रोज कोकम सरबत भरायचं, आरशासमोर उभं राहायचं, ग्लास फिरवायचा. पहिल्या दिवशी भिंत रंगली, दुसऱ्या दिवशी बनियन, तिसऱ्या दिवशी कॅलेंडरवरचा अख्खा ऑक्टोबर. पण आठवड्यात हात बसला. उजव्या हाताचा तरीही भरवसा नव्हता, म्हणून त्यात कायम घट्ट रुमाल धरायचा आणि ग्लास डाव्या हाताने घ्यायचा, असं ठरलं. राहता राहिला कल्याण. त्याने ओळखलं आणि 'काका, मागच्या टायमाला तुम्ही...' असं सुरू केलं तर संपलंच. त्यासाठी एक करडी गोल टोपी आणि काळा चष्मा आणला. कंपनीच्या रौप्यमहोत्सवात शिवलेला ब्लेझर काढला. बटण लागेना, पण न लावता तो जास्तच ऐटबाज दिसत होता, असं त्यांचं मत. (प्रेमलाबाईंना मत विचारलं नव्हतं.)

दसऱ्यानंतरचा रविवार उजाडला. वाईनरीच्या फाटकात नाशिकची गाडी आधीच उभी होती. पुण्याहून आलेली स्वरा धावत आली आणि थबकली.

"बाबा? हा काय अवतार?"

"उन्हाचं," नरहरराव म्हणाले. आभाळ भरून आलं होतं.

मुकुलने वाकून नमस्कार केला. त्याच्या मागे टी. आर. साहेब. उंच, सडपातळ, गळ्यात टाय आवळलेला, खिशात छोटी डायरी. शेजारी पत्नी मीनाताई, हातात पेढ्यांचा डबा.

साहेबांनी दोन्ही हातांनी नरहररावांचा हात धरला. "तुमची ऐट बघूनच कळतं. मी आज काही बोलणार नाही. तुमच्याकडे बघून करीन."

नरहररावांची छाती ब्लेझरच्या बाहेर आली. स्वप्नातली हिरवळ नव्हती, पांढरं टेबलही नव्हतं, पण स्वरा बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. नरहरराव मनात म्हणाले, थांब पोरी, पाचच मिनिटं.

कल्याण बागेत कुणाला तरी काही दाखवत होता. सुटलो, असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि सगळ्यांना घेऊन खोलीत शिरले. तीच ओली फरशी, तोच मंद दिवा, तोच पंप. नरहररावांनी उजव्या मुठीतला रुमाल आवळला आणि ग्लासांच्या ट्रेकडे डावा हात नेला.

ट्रे नव्हताच.

"ग्लास?" त्यांनी घसा खाकरून विचारलं.

"आता ग्लास न्हाईत, साहेब," प्रीती म्हणाली. "आमच्याकडं हातावर देतात."

"हातावर?"

"नवे दिसता तुम्ही. घाबरू नका, बिलकुल सोपं आहे. मागच्या महिन्यात एक लय मोठे जाणकार आल्ते. एक शब्द बोलले न्हाईत. नुसतं करून दाखवलं अन् निघून गेले. त्यांचं बघून समद्या रांगेनं तसंच केलं. तवापासून लोकं लाजायची बंद झाली बघा. ग्लास दिला की माणूस थरथरायचा, कसा धरू, कुठं धरू. हात पुढं करायला कोण लाजतंय? ते बघा ना, त्यांच्यासारखं करायचं."

तिने भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर कॅलेंडरएवढा, चौकट केलेला फोटो. मिटलेले डोळे, लवलेली मान, चकाकतं टक्कल, त्यावर ओला तळवा, नाकाच्या शेंड्यावर तांबडा थेंब. फोटोला झेंडूचा हार. दोन-तीन दिवसांचा, सुकलेला.

टी. आर. साहेब पुढे झाले. चष्मा काढला. क्षणभर बघत राहिले आणि हात जोडले.

"चेहऱ्यावर केवढं समाधान! अशी माणसं आता कुठे? कधी गेले?"

मागून प्रेमलाबाई शांतपणे म्हणाल्या,

"महिना होत आला."

मीनाताईंनी चुकचुकल्यासारखं केलं आणि त्यांनीही हात जोडले. स्वराने फोटोकडे बघितलं. फोटोतल्या माणसाच्या अंगात निळ्या चौकटीचा शर्ट होता. गेल्या दिवाळीला तो तिनेच पाठवला होता. तिने हळूहळू मान वळवून वडिलांकडे बघितलं. काळ्या चष्म्याच्या आत नरहररावांनी डोळे मिटून घेतले.

"मी आधी घेऊ का?" साहेबांनी विचारलं. प्रीतीने सांगितलं तसा त्यांनी हात पुढे केला. वाईन घेतली, सुर्र केलं आणि नीट विंचरलेल्या केसांवरून ओला तळवा फिरवला. केस विस्कटले. टायवर एक ठिपका पडला. लहान मुलाने पाढा म्हणून दाखवल्यावर बघावं, तसे ते नरहररावांकडे बघू लागले.

"बराबर केलं ना मी?"

नरहररावांनी मान खाली घातली, तसे साहेब वरमले. "नाही, चुकलंच असेल. खरं सांगू का, मी मूळचा मंठ्याकडचा. टी म्हणजे तातेराव. नाशकात चाळीस वर्षं काढली, पण वाईन कधी बघितली न्हाई. मुलांना बरं वाटंल म्हणून हो म्हणालो. वाटलं, तुम्ही नको म्हणाल. तर तुम्ही म्हणालात, नेहमीचंच आहे! तवापासून हिला म्हणून राह्यलो, मीना, एवढ्या जाणकार माणसापुढं आपलं हसं होतंय बघ. आपल्यामुळं पोराचं लग्न मोडायचं."

नरहररावांनी त्या माणसाकडे बघितलं. कपाळावर तोच ओघळ. डोळ्यांत तीच भीती. तीन आठवडे आरशात सरबत फिरवताना दिसत होती, ती. आता नुसतं 'बराबर' म्हणून मोकळं होता आलं असतं. अब्रूही राहिली असती. पण ब्याऐंशीला त्र्याऐंशी म्हटल्याचं ओझं त्यांना आता सोसवेना. त्यांनी रुमाल खिशात घातला, काळा चष्मा काढला आणि उजवा हात पुढे केला. आता त्याला काही सांगावं लागलं नाही. वाटी झाली, मान लवली. प्रीतीने धार सोडली. सुर्र झालं. आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवायला त्यांनी दुसऱ्या हाताने टोपी उचलली.

मंद दिव्यात टक्कल चकाकलं.

प्रीतीने एकदा टकलाकडे बघितलं, एकदा फोटोकडे. बाटली तिच्या हातात तशीच राहिली. "अहो!" ती बाहेर ओरडली. "जल्दी या! काका आलेत! फोटोतले काका!"

कल्याण पळत आला आणि थेट पायांवर वाकला. "काका! कुठं गेल्ते तुम्ही? नाव न्हाई, पत्ता न्हाई! दसऱ्याला टाक्यांना, पंपाला, समद्यांना हार घातले, एक उरला. म्हटलं गुरूला घालू!" असं म्हणून त्याने फोटोवरचा हार काढला आणि नरहररावांच्या गळ्यात घातला.

टी. आर. साहेब आळीपाळीने दोघांकडे बघत होते. "म्हणजे... हे गेले न्हाईत?"

"मी जाणकार नाही हो," नरहरराव म्हणाले. सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या ब्लेझरवर गळत होत्या. "थाप मारली. आमच्या घरात द्राक्षासवाशिवाय काही आलेलं नाही. त्या दिवशी राजूरच्या रांगेत असल्यासारखं वाटलं, न् हात आपोआप पुढे झाला. लाजेनं पळून गेलो. पोरीसाठी केलं सगळं. जमणार नसेल तर माझ्यावर राग धरा, तिच्यावर नको."

आधी मीनाताई हसायला लागल्या. पेढ्यांचा डबा पोटाशी धरून त्या ओल्या फरशीवर बसल्याच. मग मुकुल. मग स्वरा, हसता हसता डोळे पुसत. साहेबांनी टाय सैल केला, मोठ्ठा श्वास सोडला आणि हारासकट नरहररावांना मिठी मारली.

"तातेराव म्हणा मला," ते म्हणाले. "अन् लग्न दिवाळीनंतर धरू."

मग त्यांनी डायरी काढली. "पण व्याही, चव कशी आहे ते तुम्हीच सांगा. गुरू आहात."

नरहररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आंबट आहे," ते म्हणाले. "पण छान वाटतंय."

तातेरावांनी ते लिहून घेतलं. जाताना फोटोसमोर पुन्हा एकदा थांबले, मग नरहररावांना आपादमस्तक न्याहाळलं. "राग मानू नका," ते हळूच म्हणाले, "फोटोत मात्र जास्त जाणकार दिसता."

परतताना आभाळ मोकळं झालं होतं. वेलींच्या मागून पिवळंधमक ऊन आडवं येत होतं. हरिओम गाडी सावकाश चालवत होता. प्रेमलाबाईंच्या पायाशी दोन बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. नरहररावांच्या मनात तीन आठवडे एक काटा सलत होता.

"मागच्या वेळी तू हात का पुढं केलास गं?" त्यांनी विचारलं. "थेंब घेणार नाही म्हणाली होतीस."

प्रेमलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "समदे तुमच्याकडं टकामका बघून राह्यले व्हते. म्हटलं, एकटेच येडे दिसायले. दोघं असलो की लोकांना वाटंल, रीतच असंल."

टिंगल नव्हती तर ती. चौतीस वर्षांच्या संसारात या बाईने आपल्यासाठी असा किती वेळा हात पुढे केला असेल, आणि आपण खाली मान घालून मोड मोजत बसलो! गळ्यातला हार, पायाशी बाटल्यांची किणकिण, ते ऊन. त्यांनी हळूच प्रेमलाबाईंचा हात हातात घेतला.

"आणि आज?" त्यांनी भरल्या आवाजात विचारलं. "आज तर सगळं कळलं होतं त्यांना. तरी तू तीनदा हात पुढे केलास. माझ्यासाठीच ना?"

"आज?" प्रेमलाबाईंनी हात सोडवून घेतला आणि पायाशी लवंडत असलेली बाटली सावरली. "आज मला आवडली म्हनून. तुमचं तर आज ध्यानबी न्हवतं मला."